बेसमेंटमधलं पाणी आणि 'आपला माणूस'

प्रश्न : आम्ही दोघं न्यू जर्सीत राहतो. गेल्या १२ नोव्हेंबरला आमच्या घराचं क्लोजिंग झालं, म्हणजे व्यवहार पुरा होऊन घर आमच्या नावावर झालं. एजंट मराठीच, मंडळातल्या ओळखीतून मिळालेला. घर बघतानाच मी त्याला बेसमेंटबद्दल विचारलं होतं, कारण आधीच्या भाड्याच्या घरात पाणी येऊन आमचं बरंच सामान वाया गेलं होतं. तो म्हणाला, "ताई, एकदम कोरडं आहे, निर्धास्त राहा." ३ एप्रिलला रात्रभर पाऊस झाला आणि सकाळी बेसमेंटमध्ये घोटाभर पाणी. दुरुस्तीचे १४,००० डॉलर सांगताहेत. शेजारच्या आजी म्हणाल्या की हे घर त्याआधीच्या वर्षीच विकलं जायचं होतं, पण इन्स्पेक्शनमध्ये बेसमेंटचं निघालं आणि घेणारे मागे फिरले. तेव्हाही विकणाऱ्याचा एजंट हाच होता! आमच्या वेळी तर तो त्यांचाही एजंट होता आणि आमचाही. आता म्हणतो, "इन्स्पेक्शन तुम्ही केलंत, सह्या तुम्ही केल्यात." हल्ली फोनही उचलत नाही. आम्हाला पैसे परत हवेत आणि त्याने असं पुन्हा कुणाला फसवू नये असंही वाटतं. कुणी म्हणतं, रिअल्टर संघटनेकडे तक्रार करा. कुणी म्हणतं, १८० दिवस उलटून गेले. आमच्या यांचं म्हणणं, आपल्याच माणसाविरुद्ध कशाला, उद्या मंडळात समोरासमोर यायचंय. मला तर सगळं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. काय करू?

उत्तर :

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि सोबत पाठवलेला इन्स्पेक्शन रिपोर्टही वाचला. त्यातल्या तेविसाव्या पानाकडे नंतर येते. मी बरीच वर्षं एजंट म्हणून काम केलं आहे आणि त्यातली काही वर्षं अशा तक्रारींच्या सुनावणी समितीवरही बसले आहे. त्यामुळे दोन गोष्टी आधीच सांगून टाकते. तुमची मुदत गेलेली नाही. आणि संघटनेकडे केलेल्या तक्रारीतून तुम्हाला एक डॉलरही मिळणार नाही.

'पैसे परत हवेत' आणि 'त्याने पुन्हा कुणाला फसवू नये' हे तुम्ही एका दमात लिहिलंत. मनात ते एकच असतं, मला कळतं. पण त्यांची दारं वेगळी आहेत. समितीवर असताना मी कितीतरी माणसं पाहिली, जी नुकसानभरपाई मिळेल या आशेने महिनोन्‌महिने थांबली आणि निकालाच्या दिवशी हातात काहीच नाही म्हणून खचून गेली. त्यांना कुणी आधी सांगितलंच नव्हतं. तुमच्या बाबतीत तसं होऊ नये.

आधी एक खात्री करा, तो रिअल्टर आहे का? आपण सगळ्याच एजंटांना सरसकट रिअल्टर म्हणतो, पण रिअल्टर म्हणजे नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्सचा सदस्य. एजंटचा परवाना राज्य देतं, सदस्यत्व ही वेगळी गोष्ट आहे. स्थानिक संघटनेला फोन करून नाव सांगितलंत की दोन मिनिटांत कळेल. तो सदस्य नसेल तर संघटनेच्या नीतिसंहितेचा, म्हणजे सदस्यांसाठीच्या आचारनियमांचा, मार्ग तिथेच संपतो आणि राज्याकडेच जावं लागतं.

ही नीतिसंहिता १९१३ सालची आहे, बहुतेक राज्यांमध्ये एजंटांना परवाना लागायला लागला त्याच्याही आधीची. आज तिच्यात १७ कलमं आहेत. तुमच्या कामाचं मुख्य कलम दुसरं. मालमत्तेबद्दलच्या महत्त्वाच्या गोष्टी फुगवून सांगायच्या नाहीत, चुकीच्या सांगायच्या नाहीत आणि दडवायच्या नाहीत, असं ते सांगतं. पण त्याच कलमात पुढे असंही आहे की घरातले छुपे दोष शोधून काढणं ही रिअल्टरची जबाबदारी नाही. तुमची सगळी तक्रार या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत आहे. बेसमेंटमध्ये पाणी येतं एवढं सिद्ध करून भागणार नाही. त्याला ते ठाऊक होतं, हे दाखवावं लागेल. आणि समितीसमोरचा पुरावा 'स्पष्ट, भक्कम आणि पटणारा' लागतो. पैशांच्या दाव्यात पारडं थोडं जरी तुमच्या बाजूने झुकलं तरी चालतं, इथे तेवढ्यावर चालत नाही.

म्हणून शेजारच्या आजींचं म्हणणं हा धागा आहे, पुरावा नव्हे. त्यांनी ते कुणाकडून तरी ऐकलं असणार. तो धागा धरून पुढे जा. घर आधीच्या वर्षी यादीत कधी लागलं, करारापर्यंत कधी गेलं, परत बाजारात कधी आलं, हा सगळा इतिहास तारखांसकट एमएलएसमध्ये, म्हणजे विक्रीच्या घरांच्या एजंटांच्या सामायिक यादीत, असतो, आणि त्याचा बराचसा भाग घरं शोधायच्या वेबसाइटवरही दिसतो. तो आजच छापून ठेवा. त्यात विकणाऱ्याचा एजंट म्हणून याचंच नाव आहे का ते बघा. मग मागे फिरलेल्या खरेदीदारांचा एजंट कोण होता ते शोधा. तो जर रिअल्टर असेल तर चौदावं कलम तुमच्या मदतीला येतं, कारण अशा सुनावणीत साक्ष मागितली तर आपल्याला माहीत असलेलं सगळं समितीसमोर ठेवणं सदस्यावर बंधनकारक आहे. 'मला कशाला यात ओढता' असं म्हणून त्याला सुटता येत नाही. तुमच्या जागी मी असते तर सगळा जोर या एका माणसावर लावला असता. त्याने एवढंच सांगितलं की बेसमेंटच्या पाण्यामुळे आमचा सौदा मोडला आणि ते आम्ही समोरच्या एजंटला लेखी कळवलं होतं, की तुमची बाजू उभी राहिली.

'तो दोघांचाही एजंट होता' याने तुमचा संताप जास्त वाढलेला दिसतो. पण या मुद्द्यावर फार भिस्त ठेवू नका. न्यू जर्सीत दोन्ही बाजूंनी काम करायला परवानगी आहे, फक्त दोघांची लेखी संमती लागते. तुम्ही पाठवलेल्या कागदांत ती आहे, तुमच्या दोघांच्या सह्यांसकट. त्या गठ्ठ्यात कशावर सही करतोय हे तेव्हा कळलं नाही, असं तुम्ही लिहिलंत. मला ते खरं वाटतं, पण समितीला सही दिसेल. त्या संमतीने त्याला खोटं बोलायची मुभा मात्र मिळाली नाही. पहिल्या कलमाप्रमाणे व्यवहारातल्या सगळ्यांशीच प्रामाणिकपणे वागणं भाग आहे, मग तो कुणाचाही एजंट असो. तक्रारीत दोन्ही बाजूंच्या कामाचा उल्लेख एका ओळीत करा आणि पुढे जा.

आता मुदत. नियम असा आहे की गैरवर्तन तुम्हाला नेहमीची काळजी घेऊन कळू शकलं असतं त्या दिवसापासून १८० दिवस, किंवा व्यवहार संपल्यापासून १८० दिवस, यातलं जे नंतर येईल ते. क्लोजिंगपासून मोजलं तर मुदत ११ मे रोजी संपली. '१८० दिवस उलटले' म्हणणाऱ्याने तेवढंच मोजलं. ३ एप्रिलपासून मोजलं तर ३० सप्टेंबरपर्यंत वेळ आहे. पण सप्टेंबरची वाट बघू नका, आणि इथेच ते तेविसावं पान येतं.

त्या पानावर बेसमेंटच्या उत्तरेकडच्या भिंतीचा फोटो आहे. जमिनीपासून वीतभर उंचीवर पांढरी, पिठासारखी आडवी रेघ, आणि तिच्या खाली नुकताच दिलेला रंग. इन्स्पेक्टरने खाली लिहिलंय की क्षार बाहेर आलेले दिसतात, ओल मुरण्याची शक्यता आहे, तज्ज्ञाकडून तपासून घ्या. भिंतीतून पाणी झिरपून वाळलं की मागे हे क्षार उरतात. ज्याने बेसमेंट पाहिलेले आहेत त्याला ही रेघ वाचता येते. हा फोटो तुमच्या बाजूचा आहे, कारण तो एजंट त्या भिंतीसमोर उभा राहून 'कोरडं आहे' म्हणाला. आणि तुमच्या विरुद्धही आहे, कारण तो म्हणेल, नोव्हेंबरच्या आधीच हे कागदावर होतं, तेव्हाच कळू शकलं असतं, मग मुदत एप्रिलपासून का मोजायची? यावर उत्तर आहे. डाग तुम्हाला दिसले होते, पण आधीचा सौदा याच कारणाने मोडला आणि याला ते माहीत होतं, हे तुम्हाला दिसणं शक्य नव्हतं. तुमची तक्रार त्या लपवण्याबद्दल आहे. हे उत्तर टिकेल असं मला वाटतं. तरी जितका उशीर कराल तितका त्यांच्या युक्तिवादाला जोर येईल. दोन आठवड्यांत तक्रार गेली पाहिजे.

रिपोर्ट हातात आल्यावर तुम्ही त्याला त्या पानाबद्दल काय विचारलंत आणि त्याने काय उत्तर दिलं, हे मेसेजमध्ये असेल तर ती सगळ्यात मोलाची गोष्ट. फोन बदलण्याआधी, काही पुसलं जाण्याआधी, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. तोंडी बोलणं झालं असेल तर दोघांनी वेगवेगळं बसून आठवेल तसं लिहून काढा. एकत्र बसून लिहू नका.

तक्रार कशी लिहायची? स्थानिक किंवा राज्य संघटनेचा फॉर्म मिळतो, त्यात कलमांचे आकडे घालायचे आणि सोबत हकिगत जोडायची. हकिगत दोन पानांच्या पुढे जाऊ देऊ नका, हे मी कळकळीने सांगते. माझ्यासमोर एकदा एक गृहस्थ नव्वद पानांचा गठ्ठा घेऊन आले होते. एजंट उशिरा यायचा, फोनवर तुटक बोलायचा, किल्ली द्यायला विसरला, सगळं होतं. त्यात कुठेतरी साठाव्या पानावर एक ईमेल होता, ज्यात एजंटने छप्पर गळतं हे आधीच माहीत असल्याचं स्वतःच लिहिलं होतं. तो ईमेल पहिल्या पानावर असता तर सुनावणी तासाभरात आटोपली असती. तुमचं पहिलं पान असं असू द्या : मी अमुक दिवशी विचारलं, त्याने अमुक उत्तर दिलं, त्याला आधीपासून अमुक कारणाने माहीत होतं, ३ एप्रिलला अमुक झालं.

पुढे ग्रीव्हन्स कमिटी प्राथमिक छाननी करते. तिथे खरं-खोटं ठरत नाही. 'हे सगळं खरं मानलं तर संहितेचा भंग होतो का?' एवढंच बघतात. होतो असं वाटलं तर सुनावणी. तुम्हाला हजर राहावं लागेल, तो समोर बसलेला असेल, तुम्हाला प्रश्नही विचारेल. वकील नेता येतो, पण तो हवाच असं नाही. समितीत बसणारेही रिअल्टरच असतात, त्यामुळे 'सगळे एकाच माळेचे मणी' ही तुमची भीती मला समजते. मी त्या खुर्चीत बसले आहे म्हणून सांगते, दडवादडवी करणाऱ्याबद्दल त्या खोलीत फारशी माया नसते, त्याच्यामुळे बाकीच्यांनाही तेच बोल लागतात. मात्र पुरावा अर्धवट असेल तर ते तक्रार फेटाळतात, आणि मीही फेटाळल्या आहेत. पटत असूनही. त्याची रुखरुख अजून आहे.

दोषी ठरला तर ताकीद, ठपका, सक्तीचा अभ्यासक्रम, १५,००० डॉलरपर्यंत दंड, सदस्यत्व काही काळ स्थगित किंवा रद्द. दंड संघटनेकडे जमा होतो. परवान्याला संघटना हात लावू शकत नाही. संघटनेचा ओम्बुड्समनही असतो, दोघांशी बोलून गैरसमज मिटवणारा. एजंट फोन उचलत नाही, कागद देत नाही, अशा कामांना तो फार चांगला. पण तो निवाडा करत नाही, आणि तुमचं प्रकरण गैरसमजाचं नाही.

परवान्याचं काम न्यू जर्सी रिअल इस्टेट कमिशनचं. तेच कागद, तीच दोन पानं तिथेही पाठवा. परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार त्यांच्याकडे आहे, आणि एजंट रिअल्टर असो वा नसो, त्यांच्या कक्षेत येतोच. 'पुन्हा कुणाला फसवू नये' हे तुम्हाला मनापासून हवं असेल तर हे दार सोडू नका. संघटनेतून बाहेर पडूनही माणूस घरं विकू शकतो. परवाना गेला तर नाही.

राहिले पैसे. ताई, तुमच्या पूर्ण पत्रात घर विकणाऱ्या माणसाबद्दल एक ओळही नाही! एजंट ओळखीचा म्हणून सगळा राग त्याच्यावर, हे स्वाभाविक आहे. पण १ ऑगस्ट २०२४ पासून न्यू जर्सीत घर विकणाऱ्याला मालमत्तेच्या स्थितीचा फॉर्म भरून द्यावाच लागतो, आणि बेसमेंटमध्ये पाणी किंवा ओल आल्याचं माहीत आहे का, हा प्रश्न त्यात सरळ विचारलेला असतो. तुमच्या गठ्ठ्यात तो फॉर्म शोधा. मला पाठवलेल्या कागदांत तो नव्हता. आधीचा सौदा मोडल्यावरही तिथे 'नाही' वर खूण असेल तर पैशांसाठी पहिलं बोट त्याच्याकडे जातं. आणि तिथे 'हो' वर खूण असेल आणि तो फॉर्म एजंटने तुमच्यापर्यंत पोचवलाच नसेल, तर एजंटची बाजू फार वाईट आहे. दोन्हींपैकी काय, हे कळल्याशिवाय कुणालाच नोटीस पाठवू नका.

मग एजंटच्या ब्रोकरला पत्र लिहा. आपण ज्याला एजंट म्हणतो तो कायद्याने ब्रोकरच्या हाताखाली काम करतो आणि त्याच्या वागण्याची जबाबदारी ब्रोकरवर येते. पत्र रजिस्टर्ड पाठवा, शांत भाषेत लिहा, १४,००० चा अंदाजपत्रकाचा कागद जोडा आणि उत्तराला तीस दिवस द्या. बहुतेक ब्रोकरकडे अशा चुकांसाठी विमा असतो, आणि लेखी मागणी आली की त्यांना विमा कंपनीला कळवावं लागतं. अनेक प्रकरणं तिथेच, कुठलाही गाजावाजा न होता मिटतात. एजंटला रोज फोन करून जे होत नाही ते या एका पत्राने होऊ शकतं.

नाहीच मिटलं तर कोर्ट. न्यू जर्सीत स्मॉल क्लेम्स ५,००० डॉलरपर्यंत, त्याच्यावर २०,००० पर्यंत स्पेशल सिव्हिल पार्ट. तुमचे १४,००० तिथे बसतात. पण त्याआधी ग्राहक कायद्याचं काम करणाऱ्या वकिलाला एकदा भेटा. राज्याचा ग्राहक फसवणूक कायदा एजंटांनाही लागू होतो, आणि जाणूनबुजून दडवल्यामुळे नुकसान झालं हे सिद्ध झालं तर नुकसानीच्या तिप्पट रक्कम आणि वकिलाची वाजवी फी मिळू शकते. तिप्पट मागायचं तर आकडा ४२,००० वर जातो, मग दावा वरच्या विभागात लावावा लागेल. स्वतःचं राहतं घर विकणाऱ्याला हा कायदा सहसा लागत नाही, त्याच्यावरचा दावा वेगळ्या धर्तीचा असतो. यातलं काय जमेल हे वकीलच सांगेल. दाव्यासाठी वर्षं हाताशी आहेत, संघटनेच्या तक्रारीसाठी दिवस. शिवाय कोर्टात दावा चालू असेल तर संघटना तुमची तक्रार दाव्याचा निकाल लागेपर्यंत बाजूला ठेवू शकते. म्हणून आधी तक्रार, मग दावा, हाच क्रम वकिलालाही विचारून पक्का करा.

व्हॉट्सअ‍ॅपवर लिहू नका. तुम्ही चिडून लिहिलेल्या ओळीचा स्क्रीनशॉट सुनावणीत त्याच्या हातात असेल, आणि चर्चा बेसमेंटवरून तुमच्या भाषेवर जाईल. बदनामीची नोटीस आली तर तुम्हीच बचाव करत बसाल. निकाल लागेपर्यंत मंडळात कुणी विचारलं तर 'तक्रार केली आहे' एवढंच सांगा.

आणि तुमच्या यजमानांचा मुद्दा. तो मला क्षुल्लक वाटत नाही. परक्या देशात चार माणसं जोडलेली असतात, ती तुटतील ही भीती खरी असते. पण तुम्ही त्याला निवडलंत ते तो आपला म्हणूनच ना? इन्स्पेक्टरने 'तज्ज्ञाकडून तपासा' लिहिलेलं असताना तुम्ही तपासलं नाहीत, कारण आपल्या माणसाने 'निर्धास्त राहा' सांगितलं होतं. मंडळात दर वर्षी नवीन जोडपी येतात, त्यांनाही कुणीतरी याचंच नाव सुचवणार आहे. यजमानांना ते तेविसावं पान दाखवा, त्या भिंतीसमोर तो काय म्हणाला होता ते आठवायला सांगा, आणि मग ठरवा. तरीही त्यांना सुनावणीला यायचं नसेल तर आग्रह करू नका. तक्रार तुमच्या एकटीच्या नावानेही करता येते. त्यांनी लिहून काढलेली आठवण मात्र मागून घ्या.

दुरुस्तीवाल्याला लगेच भिंत बंद करू देऊ नका. आधी दुसऱ्या कुणाकडून लेखी अंदाज घ्या, त्यात पाणी किती काळापासून येत असावं याबद्दलचं त्याचं मत लिहून मागा. आणि पुढचा मोठा पाऊस आला की रात्री उठून खाली जा, उत्तरेच्या भिंतीला मोजपट्टी उभी लावा आणि पट्टीवरचा आकडा व ती पांढरी रेघ दोन्ही एकाच फोटोत येतील असा फोटो काढा.